मागच्या सीटचंही माप छापा

प्रति,
परवडणाऱ्या हॅचबॅक गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादनप्रमुख व आरेखनप्रमुख,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
आणि ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे



रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून हे पत्र लिहितो आहे. आमच्याकडे गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न मायलेजचा निघतो आणि दुसरा हप्त्याचा. गाडी दारात येते, नारळ फुटतो, हार घातला जातो, आणि पहिल्याच गणपतीत लक्षात येतं की सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहिला: मागे कोण बसणार, आणि त्याला किती तास बसावं लागणार?

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरांत बहुधा ठरलेलं असतं. गाडी चालवतो मुलगा. तो मुंबईत, डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात नाहीतर इथल्याच महाड एमआयडीसीत नोकरीला असतो. मागे बसतात त्याचे आईवडील, आजी, दिवस गेलेली बायको, मांडीवरचं पोर. पैसे भरणारा पुढे असतो. ज्यांच्यासाठी पैसे भरले ते मागे असतात. एरवीही गावात गाडी एकाच घरची राहत नाही. रात्री कुणाच्या पोटात दुखायला लागलं, कुणी पडवीत घसरून पडलं, आणि १०८ येईपर्यंत धीर धरवत नसला, की वाडीवर जी हॅचबॅक उभी असेल ती निघते. कापडे, उमरठ, देवळे, वरंध, विन्हेरे या भागांतल्या कितीतरी माणसांनी रुग्णालयाचं दार अशाच मागच्या सीटवरून गाठलं आहे. मोठ्या तपासणीसाठी पनवेल, मुंबई किंवा पुणं गाठायचं तर तोच प्रवास तीन-चार तासांचा होतो.

म्हणून माझं आपल्याला एकच सांगणं आहे. आमच्या भागात गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस मागे बसतं. त्याची जागा मोजा, ते माप छापा, आणि खालच्या किमतीच्या गाडीतही त्याला निदान नीट बसता येईल असं करा.

रस्त्यांपासून सुरुवात करतो, कारण सीटची परीक्षा तिथेच होते. मुंबई ते महाड हे अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली हाती घेतलं गेलं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळात एक पिढी या रस्त्यावर वळणरस्ते, खडी आणि पावसाळ्यातले खड्डे झेलत म्हातारी झाली. कशेडीच्या बोगद्यामुळे खेडकडे जाणाऱ्यांचा घाट वाचला, त्याबद्दल मनापासून समाधान आहे. पण पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट आहे तसाच आहे: जेमतेम चाळीस किलोमीटरच्या वाटेत गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास चढते. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाटही तसाच, आणि पावसात दरड आली की तोही बंद. महामार्ग सोडून वाडीकडे वळलं की मग डांबर, मुरूम, दगड जे असेल ते. या सगळ्यावर पुढे बसलेल्याला जे जाणवतं त्याच्या कितीतरी पट मागे बसलेल्याला जाणवतं. ते का, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरीही इथे मांडतो, कारण गाडी निवडणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना ते कुणी सांगत नाही.

छोट्या गाडीत मागची सीट मागच्या चाकांच्या अगदी जवळ येते. चाक खड्ड्यात गेलं की धक्का थेट कमरेत बसतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितका जास्त तितकी मागच्या माणसाला चाकापासून पुढे सरकून बसायला जागा मिळते. परवडणाऱ्या गाड्यांत हे आकडे असे आहेत: अल्टो के१० चा व्हीलबेस २३८० मिलिमीटर, टियागोचा २४००, क्विडचा २४२२, वॅगन आर आणि सेलेरिओचा २४३५, स्विफ्ट आणि ग्रँड आय१० निऑसचा २४५०. थोडे पैसे वाढवले की अल्ट्रोझचा २५०१, बलेनोचा २५२०, आय२० चा २५८०. हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात असतो आणि तो उपयोगी आहे. पण त्याने बसण्याबद्दल निम्मीच माहिती मिळते. वॅगन आरचा व्हीलबेस स्विफ्टपेक्षा १५ मिलिमीटर कमी आहे. तरी गुडघे धरलेल्या आजीला वॅगन आरमध्ये चढणं-उतरणं सोपं जातं, कारण ती १६७५ मिलिमीटर उंच आहे आणि तिची सीटही उंचावर आहे. हा फरक व्हीलबेसच्या आकड्यावरून कळत नाही. बसून पाहिल्यावरच कळतो, आणि बसून पाहायला आजीला कुणी शोरूममध्ये नेत नाही.

आता स्प्रिंग आणि टायर. या गाड्यांच्या मागच्या दोन चाकांना बहुतेक एकच आडवा पोलादी भाग जोडतो, त्याला टॉर्शन बीम म्हणतात. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे, जागा कमी खातो. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरच्या स्प्रिंग पाच माणसं आणि सामान यांचं ओझं धरून ठरवलेल्या असतात. मागे दोन हलकी म्हातारी माणसं बसली की त्या पुरेशा दबतच नाहीत आणि प्रत्येक दणका वर पोचतो. त्यात तेरा-चौदा इंची चाकांवरचे अरुंद टायर, आणि मायलेज मिळावं म्हणून जास्तच भरलेली हवा. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर कमी माणसांसाठी वेगळा आणि भरल्या गाडीसाठी वेगळा हवेचा दाब दिलेला असला, तर विकताना तो समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांनी एखाद्याची कंबर वाचते.

सीटच्या बैठकीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त तडजोड इथेच होते. मागे बसल्यावर गुडघ्यासमोर जागा किती, हे गिऱ्हाईक हमखास बघतं. ती जागा जास्त दिसावी यासाठी बैठकीची लांबी कमी केली तरी चालतं, कारण गुडघा मागे येतो आणि समोर मोकळं दिसतं. पण मग मांडीचा पुढचा अर्धा भाग अधांतरी राहतो. बैठक जमिनीलगत असली की पाटावर बसल्यासारखे गुडघे वर येतात आणि सगळं वजन कुल्ल्यांवर पडतं. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही. माणगाव मागे पडेपर्यंत पाय बधिर होतात तेव्हा कळतं. फोमही तसाच. नवा असताना मऊ वाटतो, दोन पावसाळे गेले की खालची चौकट लागायला लागते. मागे मधोमध बसणाऱ्याचे हाल वेगळे: खाली बोगद्यासारखा उंचवटा, पाठीला फुगवटा, डोक्याला आधार नाही. आमच्या घरांत तिथे बहुधा एखादी बाई बसते, कारण ‘मला चालतं’ असं तीच म्हणते.

चढण्या-उतरण्याचंही तसंच. वयस्कर बाई लुगड्यात किंवा साडीत गाडीत शिरते तेव्हा आधी टेकते आणि मग पाय आत घेते. त्यासाठी दार चांगलं उघडायला हवं, सीटची कड आणि दाराचा उंबरा यांत पाऊल वळवायला जागा हवी. मागच्या चाकाचा गोलावा बऱ्याच छोट्या गाड्यांत दाराच्या खालच्या कोपऱ्यात घुसतो आणि नेमकी तीच जागा खातो. टाटांनी अल्ट्रोझची दारं नव्वद अंशांत उघडतील अशी केली, ते चांगलं केलं. दारावर छताला धरायला हँडल असावं, ही तर अगदी लहान गोष्ट. वळणावर तोल सावरायला आणि उतरताना उठायला ते लागतं. बऱ्याच गाड्यांत खालच्या व्हेरिअंटमधून ते गाळलेलं असतं. किती रुपये वाचत असतील त्यात?

आता गाडी लागण्याबद्दल. आमच्याकडे घाटातला प्रवास म्हटलं की बायका आदल्या रात्रीपासून जेवण कमी करतात, लिंबू आणि आवळासुपारी पिशवीत ठेवतात. गाडी लागते ती घाटामुळे, असं सगळे समजतात. पण कान सांगतो गाडी वळते आहे आणि डोळ्यांना वळण दिसत नाही, या विसंगतीने मळमळ होते. पुढे बसलेल्याला समोरचा रस्ता दिसतो, म्हणून त्याला त्रास कमी. मागे बसलेल्याच्या समोर काय असतं? पुढच्या सीटची डोक्यापर्यंत उंच, सलग पाठ. बाजूला काय? मागे निमुळती होत वर चढणारी खिडकी. दिसायला ती ऐटदार असते, पण बुटक्या बाईच्या किंवा मुलाच्या डोळ्यांना त्यातून दरीही दिसत नाही आणि रस्ताही नाही. आरेखनाच्या टेबलावर ओढलेल्या त्या एका रेषेने आंबेनळीत माणसांना ओकाऱ्या होतात. खिडकीची खालची कड जरा खाली आणि सरळ ठेवली, पुढच्या डोके-आधारातून पलीकडचं दिसेल असं केलं, तर औषधाच्या गोळीपेक्षा जास्त गुण येईल.

हवेचंही तेच. महाड आत आहे. समुद्रावरचा वारा इथवर थकून येतो. एप्रिल-मेमध्ये सावित्रीच्या खोऱ्यात उकडून निघतं, आणि पावसाळ्यात काचा बंद ठेवाव्या लागतात. पुढच्या झडपांतून निघालेली थंड हवा पुढच्यांच्या अंगावरच राहते. ह्युंदाईने ग्रँड आय१० निऑसमध्ये मागच्यांसाठी वेगळी झडप दिली, म्हणजे या किमतीत ते जमतं. मग इतरांना का जमू नये?

सामानाचा विचार केल्याशिवाय मागच्या सीटचा विचार पुरा होत नाही. चाकरमानी येताना बॅगा, मखराचं सामान, मिठाई आणतात. जाताना तांदूळ, नाचणी, फणस, नारळ नेतात. सीएनजीची साठ लिटरची टाकी डिकीत बसवली की हे सगळं कुठे जातं? मागच्या सीटवर, पायाखाली आणि मांडीवर. टाटांच्या टियागो आणि अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली घालून हा प्रश्न बराच सोडवला गेला. जे एकाने करून दाखवलं ते इतरांनीही करावं. आमच्यासाठी ती डिकीपेक्षा मागच्या माणसाच्या पायांची जागा आहे.

हे सगळं परवडणाऱ्या किमतीत शक्य आहे का, असं आपण विचाराल. याच महाराष्ट्रात ते झालेलं आहे. १९९८ साली पुण्यात घडलेली इंडिका लोकांसमोर आली. रतन टाटांनी त्या गाडीचं उद्दिष्ट सांगितलं होतं: आकार झेनएवढा, आतली जागा अँबेसिडरइतकी, किंमत मारुती ८०० च्या आसपास. यातलं एक माप थेट आतल्या जागेचं होतं, आणि गाडी आखायच्या आधीच ते ठरलं होतं. म्हणून इंडिका मागे तीन माणसं धरू शकली आणि महाराष्ट्रभर टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावली. जपानचंही उदाहरण बघा. तिथे केई गाडीला कायद्याने ३.४० मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिनाची मर्यादा आहे. लांबी वाढवता येत नाही म्हटल्यावर सुझुकीने १९९३ साली गाडी उंच केली, माणसाला सरळ बसवलं, आणि पायांसाठी जागा काढली. तीच वॅगन आर १९९९ च्या अखेरीस भारतात आली. जागा कमी असताना ती कुणाला द्यायची, एवढाच निर्णय असतो. त्या दोन्ही वेळी तो मागच्या माणसाच्या बाजूने घेतला गेला.

आपल्याकडे कायदा मात्र गाडी बाहेरूनच मोजतो. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत असेल तर ती छोटी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरचा कर अठ्ठावीस टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर यांवरून अठरा टक्क्यांवर आला. गाडी स्वस्त झाली, आम्हाला आनंद झाला. पण ज्या गाडीला सरकार सवलत देतं, तिच्यात मागे माणूस कसा बसतो हे त्या सवलतीच्या अटीत कुठेच नाही. मंत्रालयाने ते पाहावं, ही माझी अपेक्षा आहे.

आता सुरक्षिततेकडे येतो. ज्या महाडने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून जाताना पाहिला, ज्या पोलादपूरने २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेलेली पाहिली, तिथल्या माणसांना प्रवासातल्या मरणाबद्दल कुणी वेगळं सांगायला नको. त्या मोठ्या दुर्घटनांमध्ये सीटने फरक पडला नसता. पण रोजच्या लहान अपघातांत पडतो: मागून ठोकर बसते, डोक्यामागे आधार नसतो आणि मान झटकली जाते, ब्रेक दाबला जातो आणि मागचं माणूस पुढच्यावर आदळतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. ती गाडी महागडी होती. पाच-सहा लाखांच्या गाडीत मागे बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्यानंतरही कुणी जोराने विचारला नाही.

मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे बसलेल्यांनाही पट्टा बंधनकारक आहे, आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. नियम योग्यच आहे. पण पट्टा लावता येईल असा तरी हवा. कितीतरी गाड्यांत मागचं बक्कल सीटच्या फटीत जातं, आणि कव्हर बसवताना ते कायमचं झाकलं जातं. बुटक्या बाईच्या गळ्यावर पट्टा घासतो, कारण मागे त्याची उंची बदलता येत नाही. मधल्या माणसाला कुठे फक्त कमरेचा पट्टा, कुठे तोही दडलेला. मग लोक लावत नाहीत, आणि दोष त्यांच्या अडाणीपणाला दिला जातो.

भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकित चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यामुळे गिऱ्हाईक ‘किती स्टार?’ असं जास्त विचारू लागलं. हे मोठं काम आहे. पण ज्या पद्धतीने ती सुरू झाली, तिच्यात समोरून होणाऱ्या धडकेत मोठ्या माणसांच्या बाहुल्या पुढे बसवतात आणि मागे लहान मुलांच्या. म्हणजे प्रौढांच्या सुरक्षेचे पाच स्टार पुढच्या दोघांसाठी असतात. मागच्या आजीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. युरोपच्या एनकॅपने २०१५ पासून समोरच्या एका धडकेत मागच्या सीटवर लहान चणीच्या बाईची बाहुली बसवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनेही २०२२ साली मागच्या सीटवर तशीच बाहुली बसवून आपली चाचणी बदलली, आणि पुढच्यांना उत्तम जपणाऱ्या कित्येक गाड्या मागच्यांना जपण्यात कमी पडल्या. आपल्याकडे मागची सीट त्यांच्यापेक्षा जास्त भरलेली असते. चाचणी आपल्याकडे आधी बदलायला हवी.

या सगळ्यावरून माझ्या मागण्या अशा आहेत.

कंपन्यांकडे पहिली मागणी मापांची आहे. प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात मागच्या सीटची सहा मापं छापा: जमिनीपासून बैठकीची उंची, गाडीच्या तळापासून बैठकीची उंची, बैठकीची लांबी, डोक्यावरची जागा, खांद्याशी रुंदी, आणि पुढे साडेपाच फुटी माणसाने आपल्या सोयीने सीट लावल्यावर मागे गुडघ्याला उरणारी जागा. पुढची सीट कुठे ठेवून मोजलं, हे प्रत्येकाने एकसारखं ठरवलं पाहिजे. नाहीतर तुलना होणार नाही. अमेरिकेत गाडीच्या माहितीत मागच्या सीटची पायांची आणि डोक्यावरची जागा वर्षानुवर्षं छापली जाते. आपल्याकडे डिकीचे लिटर छापता, मग माणसाचे सेंटीमीटर छापायला अडचण असू नये.

दुसरी मागणी खालच्या व्हेरिअंटची. टचस्क्रीन काढा, अलॉय काढा, रंगीत पट्ट्या काढा. डोक्यामागचा वरखाली होणारा आधार, मधल्यासाठीही तीन ठिकाणी धरणारा पट्टा, दारावरचं हँडल आणि मागची नीट बैठक काढू नका. सगळ्यात स्वस्त गाडी घेणाऱ्या घरातच मागे सर्वात जास्त माणसं बसतात. मारुती सुझुकीने २०२५ मध्ये अल्टो के१० आणि वॅगन आरसारख्या गाड्यांतही सहा एअरबॅग सरसकट दिल्या. जी गोष्ट काल खर्चिक म्हणून टाळली जात होती, ती मनावर घेतल्यावर स्वस्त गाडीतही आली. तेच मागच्या सीटबाबत करा.

तिसरी मागणी विक्रीची. टेस्ट ड्राइव्ह देताना गिऱ्हाइकाला एकदा मागे बसवा, आणि गाडी गुळगुळीत रस्त्यावर न नेता खडबडीत रस्त्यावर न्या. घरातल्या वयस्कर माणसाला सोबत आणायला सांगा. त्यासाठी गाडी घरी पाठवावी लागली तर पाठवा. आमच्या गावांत वाट बघून गाडी घेण्याची तयारी आहे, पण माहिती हातात नसते.

मंत्रालयाकडे आणि एआरएआयकडे माझी मागणी दोन गोष्टींची आहे. मागच्या सीटच्या मापांची एकच पद्धत ठरवून ती छापणं सक्तीचं करा, आणि भारत एनकॅपच्या पुढच्या सुधारणेत समोरच्या धडकेच्या वेळी मागच्या सीटवर प्रौढ बाईची बाहुली बसवा व तिचे गुण वेगळे दाखवा. मंत्रालयाकडे आणखी एक विनंती: महामार्ग ६६ च्या उरलेल्या कामांत आणि घाटांच्या डागडुजीत मागच्या सीटवरच्या माणसाचा विचार करा. खड्डा एका फुटाचा असो की चार फुटांचा, त्याचा हिशेब शेवटी कुणाच्या तरी मणक्यात होतो.

हे बदल होईपर्यंत माझ्या तालुक्यातल्या लोकांना जे सांगतो, ते इथेही लिहितो, म्हणजे आपल्यालाही कळेल की आम्ही गाडी कशी पारखणार आहोत. शोरूमला जाताना आईला सोबत न्या. आधी आपण पुढे नेहमीसारखी सीट लावा, मग तिला मागे बसवा. ती हात न टेकता उठते का बघा. मांडी पूर्ण टेकते का, पाऊल पुढच्या सीटखाली जातं का, डोकं छताला लागतं का, खिडकीतून बाहेरचं दिसतं का, पट्ट्याचं बक्कल हाताला सापडतं का, ते विचारा. निदान वीस मिनिटं तिला तिथेच बसू द्या, एसी चालू ठेवा, आणि मग काय दुखतं ते विचारा. जुनी गाडी घेत असाल तर मागची बैठक उचलून बघा. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. फोमचा कुबट वास, पट्ट्याच्या बोल्टवरचा गंज आणि सीटखालचा गाळ खोटं बोलत नाहीत. पैसे कमी पडत असतील तर एक व्हेरिअंट खाली या, पण मागे बसायला बरं असलेलं मॉडेल सोडू नका. दिसायला छान गाडीचं कौतुक महिनाभर टिकतं. आईच्या कमरेचं दुखणं हप्ते संपले तरी संपत नाही.

शेवटी एक निमंत्रण देतो, आणि ते मनापासून देतो. आपले अभियंते आणि आरेखनकार यांना घेऊन एकदा पोलादपूरला या. आपलीच सगळ्यात स्वस्त गाडी, सगळ्यात खालचं व्हेरिअंट आणा. चालवायला आमच्यातला कुणीतरी बसेल. आपण मागे बसा, तिघे जण, मांडीवर बॅग घेऊन. पोलादपूरहून आंबेनळीने वर जाऊ, परत येऊन महाडमार्गे पाचाडपर्यंत जाऊ, आणि एका वाडीचा रस्ताही दाखवू. दिवस संपल्यावर जे काय वाटेल ते आपल्या पुढच्या गाडीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहा. बाकीच्या ओळी भरायला आम्ही हजर आहोत.

आपला,
गाडी चालवणारा एक मुलगा
पोलादपूर, जि. रायगड